पेटी खाली, फ्रेम जागेवर

जुन्या अमेरिकन मोटारींची छायाचित्रे पाहताना काही गाड्यांपाशी नजर अडते. मडगार्ड काढून टाकलेले, बॉनेटचा पत्ता नाही, इंजिन उघडे, आणि माणसे बसायची पेटी जमिनीला इतकी टेकलेली की मागची चाके तिच्यापेक्षा मोठी वाटावीत. ‘सस्पेन्शन खाली घेतले असेल,’ असे बहुतेक जण म्हणतात. पुष्कळदा ते खरे नसते. गाडीची फ्रेम पूर्वी जमिनीपासून जितकी उंच होती तितकीच अजूनही असते. खाली आलेली असते ती फक्त वरची पेटी, म्हणजे बॉडी. या कामाला चॅनेलिंग म्हणतात.

कॅडेटना हा विषय दोन कारणांनी जवळचा वाटावा. एक तर यात वर्गात शिकलेला गुरुत्वमध्य आहे, हवेचा विरोध आहे, भूमितीतले कर्णसुद्धा आहेत. दुसरे म्हणजे, ज्या तरुणांनी हा प्रकार नावारूपाला आणला त्यांतले अनेक जण दुसऱ्या महायुद्धातून नुकतेच घरी परतलेले सैनिक होते. पालकांसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा लेख वाचून घरच्या गाडीला कोणी करवत लावू नये. त्याचे तांत्रिक कारण ओघात येईलच, कायद्याचे कारण शेवटाकडे दिले आहे.

आधी फ्रेम म्हणजे काय ते पाहू. कोणत्याही मोठ्या ट्रकच्या खाली वाकून पाहिलेत तर पुढून मागे गेलेले पोलादाचे दोन लांब दांडे दिसतील. त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्याही दिसतील. आडवी ठेवलेली शिडीच ती. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, स्टिअरिंगचा गिअर, सगळे या शिडीला धरून असते. केबिन आणि मागचा हौदा वरून बोल्टने बसवलेला असतो. बोल्ट सोडवले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते, आणि खाली जे उरते ते अजूनही चालू शकणारे वाहन असते. आपल्या महामार्गांवर हे दृश्य सर्वांनी पाहिले असेल: केबिन नाही, काच नाही, चालक डोक्याला फडके गुंडाळून उघड्यावर बसलेला आणि नुसती चॅसी बॉडी बांधायच्या कारखान्याकडे निघालेली. आपल्या सैन्याने वर्षानुवर्षे वापरलेली मारुती जिप्सीही अशाच शिडीच्या फ्रेमवर उभी आहे. मारुती ८०० मात्र तशी नाही. तिच्यात वेगळी फ्रेम नसते, पत्र्याची पेटीच फ्रेमचे काम करते. या फरकाकडे पुन्हा यायचे आहे.

आता अमेरिकेत जाऊ या, कारण या कलेचे घर तिथे आहे. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी नावाच्या दीड कोटीहून अधिक गाड्या बनवल्या. तिच्यामागून आलेली मॉडेल ए १९३१ पर्यंत चालली आणि तिचा आकडा पन्नास लाखांच्या आसपास पोचला. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन घातले. क्षमता ३.६ लिटर, ताकद ६५ अश्वशक्ती. या आकड्यांचा अर्थ एवढाच की १९३० च्या दशकाअखेर अमेरिकेत जुन्या फोर्ड गाड्या आणि त्यांचे सुटे भाग रद्दीच्या भावाने मिळू लागले. हातात पाने-हातोडी धरू शकणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला गाडी विकत घेणे शक्य झाले. मग त्या गाडीचे काय करायचे? जोरात पळवायची.

पळवायला जागा होती. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात काही तळी वर्षाचा बहुतेक काळ कोरडी असतात. तळ मैलोन्‌मैल सपाट आणि कडक. त्यांतले मुरॉक हे तळे या मुलांचे आवडते. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली आणि वेग घड्याळावर मोजायची शिस्त लावली. पुढे युद्धात मुरॉक पूर्णपणे सैन्याच्या विमानतळासाठी गेले. नाव ऐकल्यासारखे वाटत असेल, तर बरोबर आहे: १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर यांनी बेल एक्स-१ विमानातून ध्वनीचा वेग ओलांडला तो याच मुरॉकच्या आकाशात. आज त्या तळाला एडवर्ड्‌स हवाई तळ म्हणतात. मोटारवाल्यांनी मग एल मिराज नावाचे दुसरे कोरडे तळे गाठले, आणि १९४९ पासून युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या पठारावर जायला सुरुवात केली.

युद्धावरून परतलेल्या या तरुणांना वेल्डिंग, इंजिनाची दुरुस्ती, पत्राकाम ही कामे सैन्याच्या खर्चाने शिकायला मिळाली होती. विमाने कशी बांधतात हे अनेकांनी जवळून पाहिले होते. बाजारात युद्धातले उरलेले सामान स्वस्तात येत होते. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक निघाले आणि जी युक्ती एका गल्लीतल्या चार मुलांना ठाऊक होती ती देशभर गेली. चॅनेलिंगही तसेच पसरले.

गाडी बुटकी करण्याचे चार मार्ग

नावांचा घोळ इथेच होतो, म्हणून ती एकदा वेगळी करून घेऊ.

छपराच्या खांबांचा तुकडा कापून छप्पर खाली घेतले, तर त्याला चॉपिंग म्हणतात. खिडक्या चिंचोळ्या होतात, बाकी गाडी तशीच. बॉडीच्या मधल्या भागातून आडवी पट्टी कापून वरचा आणि खालचा भाग पुन्हा जोडला, तर ते सेक्शनिंग. चौघांत सर्वांत किचकट तेच, कारण दरवाजे, डिकी, बॉनेट सगळे त्याच उंचीवर कापावे लागते. तिसरा मार्ग फ्रेमच खाली घेण्याचा: वाकवलेला पुढचा अ‍ॅक्सल बसवायचा, मागे फ्रेम कापून पायरीसारखी वर जोडायची, म्हणजे अ‍ॅक्सलच्या तुलनेत उरलेली फ्रेम खाली येते. यात जमीन आणि फ्रेम यांतले अंतर कमी होते.

चौथे चॅनेलिंग. मूळ गाडीत बॉडीचा तळपत्रा फ्रेमच्या दांड्यांच्या वर बसतो. पाटावर भांडे ठेवावे तसा. चॅनेलिंगमध्ये तळपत्रा कडेने कापून मोकळा करतात, बॉडी दांड्यांच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकवतात आणि तळपत्रा बॉडीच्या भिंतींना आधीपेक्षा वरच्या रेषेवर पुन्हा जोडतात. आता फ्रेम बॉडीच्या खाली नाही, बॉडीच्या आत आहे. दांडे जिथे बसतात तिथे तळाला दोन पन्हळी तयार होतात, त्यावरूनच हे नाव. (आपल्याकडे वेल्डिंगच्या दुकानात ‘चॅनल’ म्हटले की सी अक्षराच्या आकाराची लोखंडी पट्टी पुढे करतात. तिचा इथे संबंध नाही.) किती खाली घ्यायचे ते साधारण दांड्याच्या उंचीवर ठरते. ३ ते ६ इंच हा नेहमीचा अंदाज.

यात एक बारकावा आहे आणि सगळा विषय त्याच्यावर उभा आहे. बॉडी ४ इंच खाली आली, पण तळपत्रा कुठे आहे? तो फ्रेमवरच आहे, जमिनीपासून पूर्वीइतक्याच उंचीवर. म्हणजे चालकाचे पाय जिथे होते तिथेच आहेत. त्याच्याभोवतीच्या भिंती, दरवाजे, काच, छप्पर मात्र ४ इंच खाली आले. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी बुटकी झाली. आत बसणाऱ्याच्या हिशेबी खोलीची उंची ४ इंचांनी कमी झाली. चॅनेलिंगमध्ये बाहेर जे मिळते त्याची किंमत आत मोजावी लागते, आणि ती इंचाला इंच असते.

काम कसे चालते

पहिला नियम: कापण्याआधी बांधायचे. तळपत्रा हा नुसता पाय ठेवायचा पत्रा नव्हे. बॉडीच्या डाव्या आणि उजव्या भिंतीला तोच एकमेकींपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवतो. पुठ्ठ्याच्या खोक्याचा तळ कापून पाहा. खोके लगेच हातात लुळे पडते, चौकोनाचा तिरका चौकोन होतो. मोटारीच्या पेटीचेही तेच. छप्पर असलेल्या गाडीला निदान वरून आधार असतो. उघड्या रोडस्टरला तळाशिवाय काहीच नसते. म्हणून करवत हातात घेण्याआधी दरवाज्यांच्या चौकटीत, आडवे आणि तिरके, लोखंडी पाइप जोडून बॉडी जखडून टाकतात. मग टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजतात. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात हे आपण सातवी-आठवीत पाठ केलेले असते. इथे ते कामाला येते. कर्णांत थोडा जरी फरक पडला तरी पेटी तिरकी झाली, आणि तशीच जोडली तर दरवाजे जन्मभर नीट लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट पेट्रोलची टाकी. मॉडेल ए मध्ये ती मागे नसते. काचेच्या पुढे, चालकाच्या गुडघ्यांच्या समोर असते, आणि तिथून पेट्रोल पंपाशिवाय, उताराने कार्ब्युरेटरकडे जाते. कापणे आणि वेल्डिंग सुरू करण्याआधी ती उतरवून कामाच्या जागेपासून लांब न्यावी लागते. ‘टाकी रिकामी आहे, मग काय होणार?’ हा प्रश्न ज्याच्या मनात आला असेल त्याने हे वाक्य दोनदा वाचावे: रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते, आणि एका ठिणगीने स्फोट व्हायला तेच पुरते. भरलेल्या टाकीपेक्षा ‘रिकामी’ टाकी अधिक धोकादायक ठरू शकते. कार्यशाळेतला कोणताही अनुभवी वेल्डर हे तुम्हाला सांगेल.

मग बोल्ट सोडवून, तळपत्रा दांड्यांच्या बाजूने कापून, बॉडी चार-सहा जणांनी उचलायची आणि लाकडी ठोकळ्यांवर टेकवत हळूहळू खाली आणायची. हे ठोकळे महत्त्वाचे. एकदम ४ इंच खाली न आणता एक-एक ठोकळा काढत जातात, कारण प्रत्येक इंचाला कुठे ना कुठे काहीतरी अडते.

काय काय अडते? पुढून सुरुवात करू. इंजिन फ्रेमवर आहे, ते हलले नाही. पण इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधली पत्र्याची भिंत बॉडीचा भाग आहे, ती खाली आली. त्यामुळे या भिंतीच्या दृष्टीने इंजिन ४ इंच वर चढले. गिअरबॉक्सचे नाक पूर्वी जिथून आत यायचे तिथे आता भोक नाही, पत्रा आहे. भिंतीला नवी खाच करावी लागते, आणि गिअरबॉक्सवर नवे कुबड करावे लागते. ते नेमके चालक आणि शेजारचा यांच्या पायांच्या मध्ये येते. रेडिएटरही फ्रेमवर उभा असतो. बॉडी खाली आली की तो काचेखालच्या पत्र्यापेक्षा उंच दिसू लागतो आणि बॉनेटची रेष पुढे चढत गेल्यासारखी वाटते. मग एक तर रेडिएटरची बैठक खाली घ्यायची किंवा रेडिएटरच कापून बुटका करायचा. बुटका केला की पाणी थंड करणारा पृष्ठभाग घटला. मोठे इंजिन आणि छोटा रेडिएटर ही जोडी उन्हाळ्यात काय करते ते वेगळे सांगायला नको. पुष्कळ हॉट रॉड गाड्यांना बॉनेटच नसते, त्यात दिखाऊपणा आहेच. पण बॉडी खाली घेतल्यावर जुने बॉनेट इंजिनावर बसतच नाही, हे साधे कारणही आहे.

स्टिअरिंगची दांडी फ्रेमवरच्या गिअरपासून तिरकी वर येते. डॅशबोर्ड खाली आला, दांडी तिथेच राहिली, तर चाक छातीशी आणि काचेच्या वरच्या काठाशी येते. दांडीचा कोन बदलून ती खाली आणावी लागते. खाली आणली की ती मांड्यांवर येते. म्हणून आसन खाली घ्यायचे. पण आसनाखाली जागा उरलेली नाही, तेव्हा उशी थेट तळपत्र्यावर. आता चालक जवळजवळ जमिनीवर मांडी मोडून बसल्यासारखा, पाय पुढे सरळ. उंच माणसाला अशा गाडीत शंभर किलोमीटर जाणे शिक्षा वाटते. काही कुशल कारागीर दांड्यांच्या मध्ये, जिथे मोकळी जागा असते तिथे, तळपत्र्याला खोलगट ताट बसवतात, म्हणजे टाचा आणि बूड दोन्ही थोडे खाली जातात. माझ्या मते चॅनेलिंगचे काम चांगले की वाईट हे ओळखायची जागा हीच आहे. रंग कसा आहे ते सोडा. दरवाजा उघडून आत बसून पाहा आणि ब्रेकवर पाय पूर्ण दाबता येतो का ते बघा.

मागे चाकांवरच्या कमानी बॉडीबरोबर खाली येतात, चाके मात्र येत नाहीत. खड्ड्यात गाडी दबली की टायर कमानीला घासणार, म्हणून त्या वर कापून नव्या बांधायच्या. फोर्डच्या या गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलवर पाट्यांची आडवी स्प्रिंग असते आणि तिला धरणारी फ्रेमची आडवी पट्टी वर उचललेली असते. ती आता थेट डिकीत शिरते. सामान ठेवायची जागा गेली.

शेवटी जोडकाम. आधी फक्त ठिपके मारायचे, पुन्हा कर्ण मोजायचे, दरवाजे लावून फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का पाहायचे, आणि मगच पूर्ण वेल्डिंग. तेही सलग नाही, थोडे इकडे, थोडे तिकडे, कारण एका जागी उष्णता साचली की पातळ पत्रा ओढला जातो आणि लाटा येतात. आतले पाइप सर्वांत शेवटी निघतात. नवा तळ आणि त्याखालच्या पट्ट्या मूळ तळाइतक्या भक्कम नसतील, तर बॉडीचे सगळे वजन दोन-चार बोल्टवर लटकत राहते. आसनाचा पट्टा कधीही नुसत्या पातळ पत्र्याला बांधायचा नसतो. धडकेत पत्रा फाटून पट्टा माणसासकट सुटून येतो. तो फ्रेमशी नाते असलेल्या भक्कम भागालाच हवा.

हिशेब करून पाहू

‘गाडी बुटकी झाली की वळणावर स्थिर राहते,’ हे वाक्य कॅडेटच्या तोंडी हमखास येते. किती स्थिर, ते वहीत मांडू. समजा गाडी १००० किलोची, त्यातली बॉडी २५० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर. बॉडी १० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४ इंच, खाली आणली. बॉडी एकूण वजनाचा चौथा हिस्सा आहे, म्हणून सबंध गाडीचा गुरुत्वमध्य १० च्या चौथ्या हिश्शाने, म्हणजे अडीच सेंटिमीटर खाली येतो. ६० चा ५७.५ झाला.

वाहन उलटण्याची प्रवृत्ती ढोबळपणे मोजण्यासाठी डाव्या-उजव्या चाकांतल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागतात. उत्तर जितके मोठे तितके उलटणे अवघड. मॉडेल ए मध्ये हे अंतर ५६ इंच, म्हणजे १४२ सेंटिमीटर. आधी १४२ भागिले १२० म्हणजे १.१८. नंतर १४२ भागिले ११५ म्हणजे १.२३. फरक चार टक्के. आता बॉडीला हात न लावता सगळी गाडीच, फ्रेमसकट, १० सेंटिमीटर खाली आणली असती तर? १४२ भागिले १०० म्हणजे १.४२, वीस टक्के फायदा. जड वस्तू इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल आणि फ्रेम या आहेत, आणि चॅनेलिंगमध्ये त्यांतली एकही हलत नाही. वळणाच्या दृष्टीने चॅनेलिंगचा लाभ आहे, पण तो दिसतो त्याच्या पाचव्या हिश्शाइतका. शिवाय सपाट कडक जमिनीवर त्या काळचे टायर गाडी उलटण्याच्या खूप आधी घसरू लागत. उलटण्याचा धोका चाक दगडाला अडखळले किंवा मऊ मातीत रुतले की खरा होतो.

आता हवा. समजा गाडी समोरून पाहताना तिचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर आहे. बॉडीची रुंदी १.३ मीटर धरली आणि रेडिएटरही त्याच मापाने खाली घेतला, तर १० सेंटिमीटर उंची घटल्याने ०.१३ चौरस मीटर वाचले. सात टक्के. मोठ्या वेगाला इंजिनाची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते आणि ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे सात टक्के क्षेत्रफळ वाचले तरी त्याच इंजिनावर वेग वाढतो तो सातचा साधारण तिसरा हिस्सा. ताशी १६० किलोमीटरची गाडी १६४ ला पोचली. रस्त्यावर या चारला काही अर्थ नाही. पण कोरड्या तळ्यावर, जिथे मैलाच्या शंभराव्या भागापर्यंत वेग मोजून फळ्यावर लिहीत, तिथे चार किलोमीटर म्हणजे पहिला आणि विसावा यांतले अंतर. मुलांनी गाड्या उगाच कापल्या नाहीत.

मात्र ज्याला फक्त हवाच चुकवायची होती, त्याला याहून चांगला मार्ग सापडला. बिल बर्क हे युद्धात अमेरिकेच्या तटरक्षक दलात होते. लढाऊ विमानांच्या पोटाखाली लावायच्या, थेंबाच्या आकाराच्या जादा इंधनटाक्या त्यांनी पॅसिफिकमध्ये पाहिल्या होत्या. १९४६ मध्ये त्यांनी तशी टाकीच बॉडी म्हणून वापरून गाडी बांधली, आणि नंतर पी-३८ लाइटनिंग विमानाची मोठी टाकी घेतली. चौकोनी पेटी चार इंच खाली आणत बसण्यापेक्षा पेटीच टाकून द्यायची, असा त्यांचा सैनिकी खाक्या. त्यानंतर चॅनेलिंग हे वेगाचे साधन कमी आणि रूपाचे साधन जास्त झाले, असे मला वाटते.

रूपाबाबत अमेरिकेतच दोन मते होती. कॅलिफोर्नियाकडे १९३२ च्या फोर्डची बॉडी फ्रेमवर उंचच ठेवायची आवड. त्या साली फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला कारखान्यातूनच एक सुंदर उठावाची रेघ होती, ती झाकणे त्यांना पाप वाटे. मडगार्ड काढलेल्या पण न उतरवलेल्या या गाडीला ते हायबॉय म्हणत. पूर्वेकडच्या राज्यांत उलट: तिथे बॉडी फ्रेमवरून खाली आणून गाडी जमिनीला चिकटवणे ही ओळखच बनली. मॉडेल ए ची फ्रेम साधी असल्याने ती झाकायला दोन्हीकडे कोणाचीच हरकत नव्हती.

या पद्धतीची जगाला सर्वांत ठाऊक असलेली गाडी डेट्रॉइटकडून आली. क्लॅरेन्स कॅटॅलो या मिशिगनच्या मुलाने १९३२ ची फोर्ड कूपे शाळकरी वयात विकत घेतली. तिचे चॅनेलिंग डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंच्या कार्यशाळेत झाले, छप्पर नंतर कॅलिफोर्नियात जॉर्ज बॅरिस यांच्याकडे उतरले. १९६१ मध्ये ती ‘हॉट रॉड’च्या मुखपृष्ठावर आली आणि १९६३ मध्ये बीच बॉइज या गायकवृंदाच्या ‘लिटल ड्यूस कूपे’ या तबकडीच्या वेष्टनावर. ते चित्र मिळाले तर पाहा. आता तुम्हाला त्यात काय कापले आणि काय तसेच ठेवले हे वेगळे ओळखता येईल.

मिलिटरी वाहनांच्या उंचीचा प्रश्नही इथेच सुटतो. ट्रक किंवा जिप्सी उंच असते ती दगड, नाला, चिखल ओलांडता यावा म्हणून. तिथे महत्त्वाचे असते ते वाहनाचा सर्वांत खालचा भाग आणि जमीन यांतले अंतर. तेव्हा ‘चॅनेलिंग केले तर चिखलात अडकेल का?’ या प्रश्नाचे उत्तर: फ्रेम, अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स यांच्यापुरते अंतर बदललेलेच नाही. पण दरवाज्यांखालची पत्र्याची कड आता फ्रेमच्या खालच्या रेषेपाशी आली, आणि पहिला दगड तिलाच लागेल.

आजच्या गाड्यांवर हे का होत नाही, तर मारुती ८०० मुळे. म्हणजे तिच्यासारख्या बांधणीमुळे. जिथे पेटी हीच फ्रेम आहे तिथे ‘फ्रेमवरून पेटी खाली सरकवणे’ या शब्दांना अर्थच उरत नाही. तळपत्रा कापला तर गाडीचा कणाच कापला. धडकेत चुरगळून माणसाला वाचवण्यासाठी जे भाग मोजूनमापून बनवलेले असतात, त्यांचा सगळा हिशेब मोडतो. शिडीच्या फ्रेमवरच्या गाड्या आपल्याकडे अजून आहेत, पण तिथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार मालकाला निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वाहन वेगळे होईल असा बदल करता येत नाही. इंधन बदलणे किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करणे यांसारखे थोडे अपवाद आहेत, तेही ठरलेल्या परवानगीने. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम धरून बॉडी आणि चॅसीच्या बांधणीतले असे बदल मान्य होणार नाहीत हे स्पष्ट केले.

कागदावर मात्र कोणी अडवणार नाही. एखाद्या जिप्सीचे बाजूने दिसणारे चित्र एकास वीस या प्रमाणात काढा. बॉडी एका कागदावर आणि फ्रेम, चाके, इंजिन, आसनावर बसलेला माणूस दुसऱ्या कागदावर. बॉडीचा कागद कापून फ्रेमवर ठेवा आणि ५ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात १० सेंटिमीटर, खाली सरकवा. आधी काय अडते ते लिहा: चाक, रेडिएटर की माणसाचे डोके.